तुझं उजवं, माझं डावं

किमयाने महिपतीला पहिल्यांदा पाहिलं, तेव्हा तो उलटा होता.

पाय वर, डोकं खाली आणि हातात लाल-पांढऱ्या पट्ट्यांची काठी. आता यात बिचाऱ्या महिपतीचा काही दोष नव्हता. जमीन मोजायच्या, कॉलेजच्या जुन्या थिओडोलाइट यंत्राच्या दुर्बिणीतून सगळं जगच उलटं दिसायचं. कुंडलिका नदी वरती, आभाळ खालती, आणि मधे चार बगळे डोक्यावर चालत निघालेले. किमया एक डोळा मिटून त्या जगात इतकी रमली होती की यंत्र कशासाठी लावलंय हेच ती घटकाभर विसरली.

साल चौऱ्याण्णव, थंडीचे दिवस. दुसऱ्या वर्षाच्या सर्व्हे कॅम्पसाठी लोणेऱ्याच्या इंजिनिअरिंग कॉलेजातून सिव्हिलची अख्खी वरात रोह्यात उतरली होती. किमया मूळची इथलीच, रोह्याला लागून असलेल्या वरसे गावची. वडील धाटावच्या कंपनीत शिफ्टला जायचे. त्यामुळे मैत्रिणींना ‘हा आमचा पूल, ही पलीकडच्या काठावरची आमची अष्टमी’ असं दाखवत ती सकाळपासून घरचं कार्य असल्यासारखी मिरवत होती. काम साधं होतं. नदीकाठाने एक सरळ रेष आखायची. किमया यंत्रावर. काठी धरणारा फैजल तापाने फणफणला, म्हणून दुसऱ्या गटातून कोणीतरी आला. डिप्लोमा करून थेट दुसऱ्या वर्षात दाखल झालेला. नावही तिला ठाऊक नव्हतं.

दुर्बिणीत काठी मधल्या तारेच्या डावीकडे दिसत होती. किमयाने हात केला... उजवीकडे सरक. तो सरकला. पण काठी आणखी डावीकडे गेली! तिने जरा जोरात हात केला. तो आणखी सरकला, आणि काठी आणखीच डावीकडे. ‘डोळ्यांवर पट्टी बांधलीय की काय या माणसाने?’ म्हणत तिने हात असा फिरवला की जणू कावळेच हाकलतेय. काठी दुर्बिणीतून साफ नाहीशी झाली.

किमयाने डोळा वर काढला. तो ओहोटीच्या चिखलात गुडघाभर रुतून उभा होता. काठी मात्र ओळंब्यात, ताठ.

सगळा काठ हसायला लागला. गुप्ते सर लगबगीने आले. "अगं बाई, दुर्बीण उलटं दाखवते! डावीकडे दिसतोय म्हणजे तो उजवीकडे आहे. दिसेल त्याच्या उलट समजायचं. हे एवढं पाठ करा सगळ्यांनी... लग्नातल्या मंगलाष्टका विसरलात तरी चालेल!"

कानापर्यंत लाल झालेली किमया पाण्याची बाटली घेऊन त्याच्याकडे गेली. तो दगडावर बसून पाय खरवडत होता.

"तुला ओरडता येत नव्हतं?"

"तू हात करत होतीस."

"म्हणून काय चिखलात जायचं?"

"चिखल वळखीचाच हाय." तो हसला. सावळा चेहरा, आणि हसताना डावा गाल उगाचच जरा जास्त वर जायचा. "आमी खारेपाटातले. पेणच्या खाडीकडचे."

"नाव काय तुझं?"

"महिपती."

किमयाला हसू आवरेना. "आजोबांचं?"

"आजोबांचंच. ठेवलं तवा मला कोनी विचारलं नाय."

"मही म्हणजे माती," ती त्याच्या पायांकडे बघत म्हणाली. "म्हणजे तू मातीचा नवरा!"

"राजा. पती म्हंजे राजापन होतो."

"असेल. सध्या तरी राज्य गुडघ्यापर्यंतच दिसतंय."

त्याने मान वर करून पाहिलं. या वेळी सरळ. किमयाने बाटली त्याच्या हातात दिली आणि कारण नसताना ओढणी नीट केली. एवढंच झालं. पण त्या दिवसानंतर फैजलचा ताप उतरला तरी काठी महिपतीकडेच राहिली, आणि फैजलनेही ती परत मागितली नाही. पोरगा शहाणा होता.

हातांची एक भाषा असते सर्व्हेवाल्यांची. लांबून ओरडून ऐकू जात नाही, म्हणून हातानेच बोलायचं. एक हात बाजूला म्हणजे सरक. हात डोक्यावर नेऊन हलवला म्हणजे काठी सरळ धर. आणि दोन्ही हात समोर धरून झपकन खाली आणले म्हणजे बरोबर जागा मिळाली, आता रोव. पुढे कधी ती यंत्रावर, कधी तो, असं करत हे दोघं ती भाषा कॉलेजभर बोलायला लागले. वर्गात तो पेंगला की लांबच्या बाकावरून तिचा हात डोक्यावर जाऊन हलायचा. सरळ बस! कँटीनमध्ये तिच्या शेजारची खुर्ची रिकामी असली की ती दोन्ही हात समोरून खाली आणायची. तो मुकाट्याने येऊन रोवला जायचा.

तिसऱ्या वर्षाच्या अखेरीला खास विषय निवडायची वेळ आली. सिव्हिल म्हणजे घर एक, पण दारं पाच-सहा. त्या दारांवरून कँटीनमध्ये रोज भांडणं. फैजलने रस्ते-वाहतूक घेतलं. त्याचे अब्बा कुवेतला होते. "तिकडं वाळवंटात सरळसोट रस्ता, वळण म्हणून नाय. झोपेत पण बांधीन!" किमयाच्या मैत्रिणीने, दिपिकाने, पर्यावरण घेतलं आणि डोक्याला हात लावून बसली. "लग्नाच्या बायोडेटात काय लिहू गं? मुलीला स्वयंपाक, विणकाम आणि सांडपाणी उत्तम येतं?" कोणी धरणं-कालवे घेतले, कोणी बांधकामाचं व्यवस्थापन.

किमयाचं ठरलेलं होतं. स्ट्रक्चर. पूल. लहानपणी अष्टमीच्या पुलावर उभी राहून ती खालचं पाणी बघायची, तेव्हापासूनचं. आणि महिपतीने घेतली माती.

"माती काय घ्यायचा विषय आहे?" किमया म्हणाली. "पूल कसा... दिसतो! लोक त्याच्यावर उभं राहून फोटो काढतात. तुझ्या मातीचा फोटो कोण काढणार?"

"कोनी नाय. पन पूल हलला की सगळी मातीकडंच बोट दाखवतात."

"म्हणजे माझा पूल हलणार?"

"माझ्या मातीवर उभा असला तर नाय हलनार." हे बोलून त्याचं त्यालाच काहीतरी झालं, आणि तो संपलेल्या चहाचा कप पुन्हा तोंडाला लावून बसला. किमयाने ते पाहिलं. फैजल आणि दिपिका एकमेकांकडे बघून छताकडे बघायला लागले.

शेवटच्या वर्षाचा प्रकल्प दोघांनी मिळून घेतला. कुंडलिकेवर रोहा ते अष्टमी, फक्त पायी चालणाऱ्यांसाठी एक पूल. कागदावरचाच, पण किमयाच्या डोक्यात तो केव्हाच बांधून झाला होता. त्यावर दिवेसुद्धा लागले होते. पूल तिचा, पाया त्याचा. खाडीकाठची माती कशी असते ते बघायला म्हणून श्रावणात तो तिला आणि दिपिकाला पेणला घेऊन गेला.

रिमझिम चालू होती. एस.टी.च्या खिडकीतून हमरापूरची घरं दिसत होती. प्रत्येक पडवीत गणपतींच्या रांगा, पांढऱ्याशुभ्र, रंग लागायची वाट बघणाऱ्या. डोळे अजून कोणालाच नव्हते.

"डोळे सगळ्यात शेवटी काढतात," महिपती हळूच म्हणाला.

"का?"

"डोळं उघडलं की तो बघाया लागतो ना. मग त्याच्याम्होरं काम करनारा लाजतो."

"तू लाजतोस का रे कोणी बघितलं की?"

"कोन बघतं त्याच्यावर हाय." आणि तो खिडकीबाहेर बघायला लागला. खिडकीची काच तोवर पावसाने धूसर झाली होती, बाहेर काही म्हणजे काही दिसत नव्हतं.

पुढे खारेपाट. बांधाच्या एका अंगाला भाताची कोवळी हिरवी लाट, दुसऱ्या अंगाला खाडीचं करडं पाणी, आणि मधे एका वेळी एकच माणूस चालेल इतकी अरुंद वाट. महिपतीने बांधाच्या पोटातून चिमूटभर माती काढून किमयाच्या तळहातावर ठेवली. "चोळून बघ. साबनासारखी लागते ना? हिच्यावर घाईत काय ठेवायचं नाय. खचते. पन हळूहळू वजन दिलं, वेळ दिला... की अशी धरून ठेवते की सोडत नाय."

पावसाचे थेंब तिच्या मुठीवर पडत होते. माती बोटांमधून ओघळत होती आणि ती मूठ उघडायला तयार नव्हती. ‘हा मातीबद्दलच बोलतोय ना?’ असं तिच्या मनात आलं. तिला तो आवडत होता. आता हे स्वतःपासून लपवण्यात अर्थ नव्हता.

घरी त्याची आई, बायजा, चुलीपुढून उठून दारात आली. किमयाला पायापासून डोक्यापर्यंत न्याहाळलं. "हीच का गो ती दुर्बीणवाली?"

"आये!" महिपती ओरडला.

"वरडतोस कशाला? तूच सांगतोस ना, येका पोरीनं मला चिखलात घातला म्हनून? सुट्टीत आला की तेच." मग किमयाकडे वळून ती डोळे मिचकावत म्हणाली, "बस गो बाय, चाय घे. मी याला म्हनते, घातला तं घातला. भायेर काढते का नाय, ता बघू!"

दिपिकाला चहाचा ठसका लागला. महिपती लाकडं आणायला म्हणून जो परसात गेला, तो एस.टी.ची वेळ होईपर्यंत आलाच नाही.

पण एवढं सगळं होऊनही तो बोलला मात्र काही नाही. दिवाळी गेली. पूल कागदावर पूर्ण झाला. एप्रिल आला तरी नाही. किमयाला पुढच्या शिक्षणासाठी रुरकीला प्रवेश मिळाला. दोन वर्षं, पार हिमालयाच्या पायथ्याशी. घरात पेढे वाटले गेले. महिपतीला पेणलाच, खाडीचं पाणी अडवणाऱ्या खारबांधांच्या कामावर नोकरी लागली, आणि परीक्षा संपल्याबरोबर हजर व्हायचं होतं. सगळं कसं छान चाललं होतं, आणि किमयाला रडू येत होतं. तो बोलला नाही, तर ती रुरकीला जाईल, तो बांधावर जाईल, आणि एवढ्या वर्षांचं जे काही होतं ते ‘आमच्या वर्गात एक मुलगा होता’ एवढंच उरेल. आपण होऊन बोलावं, तर तिचाही धीर होईना. इतर वेळी चुरुचुरु चालणारी जीभ नेमकी इथेच गोठायची. शिवाय त्याच्या मनात फक्त मातीच असली तर?

अशात गुप्ते सरांना प्रकल्पातलं एक माप खटकलं. "जा, नदीवर जाऊन पुन्हा तपासून या. आणि हे घेऊन जा!" असं म्हणत त्यांनी कौतुकाने पिवळी पेटी पुढे केली. कॉलेजने नवं यंत्र घेतलं होतं. "यात जग सरळ दिसतं हो. आमचं आयुष्य उलटं बघण्यात गेलं."

सकाळची वेळ. कुंडलिकेला भरती लागलेली. पाणी पुलाच्या खांबांना हळूहळू बिलगत वर चढत होतं, आणि काठावरच्या आंब्यातून कोकीळ गळा फाडून ओरडत होता. माप बरोबर निघालं. काम संपलं. किमया काठी उचलायला वाकली, तोच महिपती म्हणाला, "थांब."

ती थांबली.

"मला... इचारायचं हाय काहीतरी." तो यंत्राचे स्क्रू उगाच फिरवत होता. "तू दोन वर्षांनी येशील ना परत... तवा आमच्या घरी येशील? म्हंजे... पाहुनी म्हनून नाय."

किमयाने तोंड उघडलं.

"आता नको!" त्याने घाईने हात वर केला. "नाय असलं तर तोंडावर ऐकायची ताकद नाय माझ्यात. तू काठी घेऊन पलीकडं जा, अष्टमीच्या काठावर. मी दुर्बिनीतून बघतो. पुलाकडं सरकलीस तर हो. पुलापासून लांब गेलीस तर... नाय."

"आणि मधेच उभी राहिले तर?"

"तर माप लिहून घेतो," तो केविलवाणं हसत म्हणाला.

किमया पूल ओलांडून गेली. चालली की तरंगली, हे तिचं तिलाच सांगता आलं नसतं. अष्टमीच्या काठावर ती ठरल्या जागी उभी राहिली. पलीकडे तो, यंत्राला डोळा लावून. तिने काठी उचलली आणि पुलाकडे एक पाऊल सरकली. मग त्याला दिसलं नसेल तर म्हणून आणखी एक. मग लाजच सोडली आणि चांगली पाच-सहा पावलं सरकली.

पलीकडे बराच वेळ काहीच हललं नाही. मग महिपती उभा राहिला. तिच्याकडे पाहिलंसुद्धा नाही. पाठ वळवली, यंत्र काढून पेटीत ठेवलं, तिवई मिटून खांद्यावर घेतली, आणि खाली मान घालून स्टँडच्या दिशेने चालायला लागला.

किमयाच्या पायांखालची वाळूच सरकली. असं कसं? ‘हो’ म्हटलं ना मी? का विचारून पस्तावला? तिचे डोळे भरून आले, पाठोपाठ रागही आला. विचारायचं आणि तोंड फिरवून जायचं? गेलास उडत! दुर्बिणीतून काय ते दिसलंच असेल ना तुला स्वच्छ, चांगलं नव्या को...

नव्या.

तिने तोंडावर हात ठेवला. दिसेल त्याच्या उलट समजायचं! इतकी वर्षं घोकलेलं. ती पुलाकडे सरकली, दुर्बिणीतही पुलाकडेच सरकली, आणि त्या शहाण्याने सवयीने त्याचं उलटं केलं!

रोहा-अष्टमीच्या पुलावरून त्या सकाळी एक मुलगी लाल-पांढरी काठी घेऊन धावत सुटली. भाजीवाले बाजूला झाले. एक सायकलवाला कठड्याला टेकून उभा राहिला. पुलाच्या तोंडाशी तिने त्याला गाठलं आणि काठी आडवी धरली.

"काय दिसलं तुला?"

त्याचे डोळे लाल झाले होते. "जाऊ दे ना. कळलं मला. माझं काय म्हननं नाय..."

"कुठल्या बाजूला सरकलेली दिसले मी?"

"पुलाच्या बाजूला दिसलीस. म्हंजे लांब गेलीस."

"यंत्र कुठलं आहे?"

महिपतीने हातातल्या पिवळ्या पेटीकडे पाहिलं. मग तिच्याकडे. मग पुन्हा पेटीकडे. त्याच्या चेहऱ्यावर असं काही उजाडत गेलं की किमयाचा राग जागीच विरघळला.

"अरे पण मी सरळ उभी दिसत होते ना?" ती धापा टाकत म्हणाली. "डोकं वर, पाय खाली? एवढंही कळलं नाही तुला?"

"काय सांगू..." तो अडखळला. "एवढी वर्षं तुला दुर्बिनीतून उलटीच बघत आलो. पन मला तू कधी उलटी दिसलीच नायस. सरळच दिसायचीस. आजपन तशीच दिसलीस."

खाली भरतीचं पाणी खांबांवर चुळुकचुळुक करत होतं. किमयाने विचारलं, "एक खरं सांग. तू डिप्लोमा करून आला होतास. दुर्बीण उलटं दाखवते, हे तुला त्या पहिल्या दिवशी माहीत होतं ना?"

"व्हतं."

"मग मी चुकीचा हात करतेय हे कळत असताना चिखलात का गेलास?"

महिपतीचा डावा गाल हळूहळू वर गेला.

"तू हात करत होतीस."

शेजारून एक ट्रक खडखडत गेला. किमयाने डोळे पुसले, दोन पावलं मागे सरकली आणि त्याच्यासमोर, भर रस्त्यात, दोन्ही हात पुढे धरून झपकन खाली आणले. बरोबर जागा मिळाली. रोव.

त्याने तिवई आणि पेटी खाली ठेवली. तिच्याकडून काठी घेऊन रस्त्याकडेच्या मातीत खोल रोवली, आणि मग दुर्बिणीशिवाय तिच्याकडे पाहत राहिला. या वेळी लाजून खिडकीबाहेर बघायला इथे खिडकीच नव्हती.

"रुरकीला मात्र मी जाणार हं," ती म्हणाली. "पूल शिकून येणार."

"जा की. माती घाईत नाय धरत. मी हाय हितंच."

लोणेऱ्याची एस.टी. स्टँडातून हॉर्न द्यायला लागली होती. त्याने पेटी उचलली, तिवई खांद्यावर घेतली. दोन पावलं गेला आणि वळला. तिने हाक मारलीच होती.

"महिपती! घरी गेलास की आईंना निरोप दे."

"काय सांगू?"

"म्हणावं, काढला बाहेर."